पाणी न पिणारं कापड : ओटी गाऊनच्या प्रकल्प नोंदी, इचलकरंजी

10 जून 2024

आजपासून या कामाची वही वेगळी. शर्टिंगच्या हिशोबात हे मिसळलं की दिवाणजी वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

काम असं. मिरजेच्या एका रुग्णालयाला धुऊन पुन्हा वापरता येतील असे ऑपरेशन थिएटरचे (ओटीचे) गाऊन आणि ड्रेप, म्हणजे रुग्णावर अंथरायच्या चादरी, हवे आहेत. कोविडमध्ये एकदा वापरून फेकायचे नॉनवोव्हन गाऊन मिळेनासे झाले, तेव्हाच त्यांनी विचारलं होतं. तेव्हा हात टेकले होते. आता पुन्हा विचारणा आली आहे. आठ रेपिअरपैकी 3 आणि 4 नंबरचे माग मोकळे केले. पंधरा वर्षं सुती पॉपलिन आणि शर्टिंग विणलं, फिलामेंटला, म्हणजे सलग कृत्रिम तंतूंच्या धाग्याला, कधी हात लावलेला नाही.

माग जुळवणाऱ्या जॉबरमामांना सांगितलं, डॉक्टरांसाठी पाणी न पिणारं कापड करायचंय. म्हणाले, "मग छत्रीचं कापड आणा की मालक, विणायचं कशाला?" तिथं काही सुचलं नाही. छत्री कुणी 134 अंशांच्या वाफेत शिजवत नाही, हे रात्री जेवताना सुचलं.

12 जून

मिरजेला जाऊन आलो. सीएसएसडी, म्हणजे निर्जंतुकीकरणाचा विभाग, सांभाळणाऱ्या सिस्टरनी आधी चहा दिला आणि मग टेबलावर टीपकागद अंथरला. त्यावर जुना हिरवा केसमेंटचा (सुती कापडाचा) गाऊन, धुऊन धुऊन मऊ झालेला. वर बेटाडीन मिसळलेलं सलाईन चमचाभर ओतलं. थेंब थेंब म्हणून टिकलाच नाही, पडल्या जागी पसरला. मग त्यांनी त्यावर कोपर टेकवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दहा सेकंदांनी गाऊन उचलला तर टीपकागदावर बशीएवढा तपकिरी डाग.

"सर्जन पोट टेबलाला टेकवून दोन-दोन तास उभे असतात," म्हणाल्या. "माझं कोपर तर काहीच नाही."

ओलं सुती कापड जंतूंना अडवत नाही, हे अमेरिकेतले सर्जन विल्यम बेक यांनी 1952 मध्येच लिहिलं होतं. पुढे तिकडे 140 धाग्यांच्या मसलीनची जागा 280 धाग्यांच्या पिमा कॉटननं घेतली (चौरस इंचात, ताणा-बाणा म्हणजे उभे-आडवे धागे मिळून) आणि त्यावर पाणी झटकणारं रसायन चढवायला लागले. नंतर सूत गेलं, अतिबारीक तंतूंचं पॉलिएस्टर आलं. सुताला आणखी एक खोड आहे, त्याचा भुरा उडतो आणि जखमेत बसतो. सलग फिलामेंटला तुटकी टोकंच नसतात, त्यामुळे भुऱ्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

15 जून

मानकं वाचण्यात दोन दिवस गेले. आपल्याला लागणारं एवढंच:

अमेरिकेच्या पीबी 70 मध्ये चार पातळ्या. पहिल्या तीन दोन चाचण्यांवर ठरतात. एक आघाताची: कापड 45 अंशांत तिरकं, खाली टीपकागद, 60 सेंमीवरून 500 मिली पाणी सोडायचं आणि टीपकागदाचं वजन किती वाढलं ते बघायचं. दुसरी दाबाची: कापडाच्या एका बाजूनं पाण्याचा दाब चढवत न्यायचा, दुसऱ्या बाजूला तिसरा थेंब दिसला की थांबायचं आणि पाण्याची उंची लिहायची. पहिल्या पातळीला फक्त 4.5 ग्रॅमच्या आत टीपकागद भिजलेला चालतो. दुसरीला 1 ग्रॅम आणि 20 सेंमी. तिसरीला 1 ग्रॅम आणि 50 सेंमी. चौथीचा गाऊन पाण्यानं ठरतच नाही, तिथं फाय-एक्स 174 हा फाज, म्हणजे जिवाणूंवर जगणारा विषाणू, पलीकडे जाता कामा नये.

युरोपचं ईएन 13795 साध्या गाऊनच्या मोक्याच्या भागाला 20 सेंमी मागतं, उच्च दर्जाला 100. आपलं आयएस 17334 हे 2019 चं.

मोक्याचा भाग म्हणजे छातीपासून गुडघ्यापर्यंतचा पुढचा भाग आणि मनगटापासून कोपराच्या थोडं वरपर्यंतची बाही. पाठ त्यात येत नाही. ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली, विणकराच्या ती फार उपयोगाची आहे.

लक्ष्य: नव्या कापडाला 50 सेंमीच्या वर, आणि 50 धुलायांनंतरही तिसरी पातळी.

19 जून

गणित. थेंब कापडावर गोळा होऊन बसतो की पसरतो, हे कापडाच्या पृष्ठभागावर आहे. सुतावर पसरतो, म्हणून सूत कितीही दाट विणा, ते पाणी ओढूनच घेणार. नुसतं पॉलिएस्टरही थोडंफार भिजतं. फ्लोरोकार्बन, म्हणजे पाणी झटकणारं रसायन, लावल्यावर पाणी बाहेरच राहतं आणि आत घालायला दाब द्यावा लागतो. तो दाब किती, हे भोकाच्या मापावर. 50 सेंमी अडवायचे तर भोक साधारण 20 मायक्रॉनच्या आत हवं. पाणी सगळ्यात मोठं भोक शोधतं, सरासरीशी त्याला देणंघेणं नाही.

ताणा 75 डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप), 72 तंतू (एक तंतू जेमतेम 1 डेनिअर). बाणा 100 डेनिअर, 144 तंतू (0.7 डेनिअर). फणी 100 नंबर (दोन इंचात 100 घरं), घरात तीन धागे, म्हणजे इंचाला 150. पीक, म्हणजे इंचातले आडवे धागे, 92. साधी वीण. ग्रे, म्हणजे मागावरचं कोरं कापड, चौरस मीटरला सुमारे 93 ग्रॅम बसतं, प्रोसेसमध्ये आटून शंभरीपार जाईल. ट्विल मऊ पडलं असतं, पण साध्या विणीत धागे जास्तीत जास्त ठिकाणी एकमेकांना दाबून धरतात.

वीज वाहून नेणारा कार्बनचा धागा दर 5 मिलिमीटरला, उभा आणि आडवा. हिशोबानं ताण्यात दर तिसावा, बाण्यात दर अठरावा. ईथर देत होते त्या काळात ठिणगीनं भडका उडायचा, तेव्हापासून ओटीत स्थिर विजेची धास्ती. आता ईथर गेलं, पण विजेनं चिकटणारा गाऊन धूळ आणि भुरा ओढतोच.

2 जुलै

साइझ केलेले (खळ लावलेले) ताण्याचे बीम सुरतेहून आले. आपल्या गावातलं सुती सायझिंग फिलामेंटला चालत नाही.

ताण्याचे धागे फणीत ओवणाऱ्या वहिफणीवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी चष्म्याचा नंबर वाढल्याचं जाहीर केलं. धागा केसासारखा, पांढऱ्यावर पांढरा, मधेच तिसावा काळा. तो काळा धागाच त्यांना खूण म्हणून उपयोगी पडला. "तिसाच्या तिसाला चूक पकडता येती," म्हणाले. चार दिवसांचं काम सहा दिवसांत झालं, मजुरी सहाची दिली.

11 जुलै

माग चालू. कार्बन वेगळ्या ताणाचा, मुख्य बिमावर घेतला तर ढिला पडून घुंगरू धरतो. वर वेगळ्या बॉबिनवरून सोडला तेव्हा बसला. वेग 320 वरून 260 वर आणला.

26 जुलै

पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आहे. माल हलत नाही. ग्रेचे तीन पीस गोदामात वरच्या फळीवर चढवून ठेवले. माग बंद.

5 ऑगस्ट

प्रोसेस हाऊसला दिवसभर उभा होतो.

फ्लोरोकार्बन चढवण्याआधी कापड पाणी पिणारं हवं. सायझिंगची पेस्ट आणि सूत बनवतानाचं तेल पूर्ण निघालं नाही तर रसायन तेलावर बसतं आणि दुसऱ्या धुण्यात तेलाबरोबर जातं. म्हणून स्कावरिंग (तेल-पेस्ट काढायची धुलाई) झाल्यावर ड्रॉपरनं थेंब टाकून बघायचा, लगेच आत गेला तरच पुढे. पहिल्या पिसावर थेंब चार सेकंद उभा राहिला. सुपरवायझर म्हणाले, "बघा, आत्ताच पाणी धरत नाही, तुमचं काम सोपं झालं!" त्यांना पीस परत फिरवायला लावला, राग आला त्यांना.

नंतर 190 अंशांवर हीट-सेट, म्हणजे पुढे ऑटोक्लेव्हमध्ये आटायला शिल्लक राहत नाही. बाथमध्ये थोडं ॲसेटिक आम्ल, अल्कली राहिली तर रसायन पकडत नाही. पॅड (रसायनात बुडवून पिळणं), सुकवण, 165 अंशांवर क्युअर (तापवून पक्कं करणं).

13 ऑगस्ट

आपली दाबाची चाचणी घरीच उभी केली. 4 इंची पीव्हीसी फ्लँज, रबरी वायसर, खालून पाणी, बाजूला पारदर्शक नळी आणि दोरीवर वरखाली होणारी बादली. वर कापड, त्यावर टॉर्च तिरका. प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा क्षेत्र थोडं कमी भरतं, पण तुलनेला पुरेसं आहे.

पहिले चार तुकडे: 58, 61, 57, 60 सेंमी. मला नाचावंसं वाटलं.

पाचवा तुकडा: 31.

दोरी पुन्हा खाली आणून तोच तुकडा परत लावला. जॉबरमामा टॉर्च धरून. 29 ला पहिला थेंब, मग दुसरा, तिसरा, आणि तिन्ही एका रेषेत, पट्टीनं आखल्यासारखे, बाण्याच्या दिशेनं. मामांनी डोकं खाली घातलं, वर केलं, आणि म्हणाले, "मालक, ही लाईट गेल्ती त्या दुपारची खूण आहे."

खरंच होतं. माग थांबून पुन्हा सुरू झाला की पहिल्या पिकाचा ठोका हलका पडतो, दोन पिकांत केसभर फट राहते. शर्टिंगमध्ये ही पट्टी दिसली तर पीस सेकंडमध्ये जातो. इथं ती उजेडासमोर धरली तरी दिसत नव्हती आणि पाण्यानं बरोबर शोधली.

14 ऑगस्ट

ठरलं: माग कुठल्याही कारणानं थांबला की किनारीला लाल दोरा बांधायचा. कटिंगला लाल दोऱ्याच्या दोन्ही बाजूंचा हातभर कपडा फक्त पाठीच्या भागात जाईल. बाकी सगळं पुढे आणि बाहीला. घडीवाल्यांना समजावून सांगितलं. मामांनी सुरुवातीच्या ठोक्याचं सेटिंगही बदललं, त्याचा फरक पडला, पण लाल दोरा कायम ठेवायचा.

24 ऑगस्ट

रसायनवाल्याचा फोन. जुनं आठ कार्बनचं फ्लोरोकार्बन "अजून मिळू शकतं, तेल जास्त अडवतं". घेतलं नाही. त्याच घराण्यातलं पीएफओएस 2009 मध्ये आणि पीएफओए 2019 मध्ये घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. ही रसायनं निसर्गात मोडत नाहीत, आणि आपलं धुण्याचं पाणी शेवटी पंचगंगेत आणि कृष्णेतच जातं. सहा कार्बनचं वापरतोय. तेही काही गंगाजल नाही, युरोपमध्ये त्यावरही बंधनं येऊ घातली आहेत. फ्लोरीन नसलेली मेणाची आणि सिलिकॉनची फिनिशं पाणी झटकतात, पण तेल आणि स्पिरिटपुढे टिकत नाहीत, आणि ओटीत स्पिरिटच जास्त. दोन मीटरवर तेही करून बघितलं: पाण्याचा थेंब मोत्यासारखा, स्पिरिटचा थेंब सरळ आत.

4 सप्टेंबर

शिवण. कापड 60 सेंमी धरतं आणि शिवण 18. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. शिवणाऱ्या ताईंनी 14 नंबरची सुई काढून 9 ची लावली, पाणी झटकणारा दोरा घेतला, शिवण दुमडून दुहेरी घातली: 27. वरून चिकटवायची सीम टेप लावली, ती ऑटोक्लेव्हमधून शेपटीसारखी लोंबत बाहेर आली.

ताईंनीच तोड काढली. पुढचा भाग अखंड एका पन्ह्यात कापायचा, शिवण पाठीकडे. बाहीची शिवण हाताच्या मागच्या-खालच्या बाजूला. "पुढं शिवणच नको, मग गळणार काय?" कापड जास्त वाया जातं, गाऊनमागे साधारण वीतभर. चालेल.

मनगटाचा विणलेला कफ पाणी पितोच. तो पूर्ण ग्लोव्हच्या आत जायला हवा, हे सूचनापत्रात मोठ्या अक्षरांत.

7 सप्टेंबर

गणपती. सुट्टी.

19 सप्टेंबर

पाच गाऊन, दोन मोठे ड्रेप मिरजेला दिले. सिस्टरनी परत टीपकागद काढला, परत कोपर टेकवलं. थेंब कोपराखालून निसटून बाजूला गेला. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त कोपर पुसलं.

21 सप्टेंबर

सर्जनसाहेबांचा निरोप: "गरम होतंय." खरं आहे. पातळ पडद्याचं लॅमिनेट याहून गरम असतं, पण तुलना ते सुताशी करणार. आपल्या कापडातून वाफ जाते, सुतासारखा घाम टिपून घेतला जात नाही. पाठीला हलकं, न फिनिश केलेलं कापड द्यायचं का? पाठ मोक्याच्या भागात नाही. पुढच्या लॉटला करून बघू.

30 सप्टेंबर

सिस्टरचा फोन सकाळी आठला. "तुमचा गाऊन पाणी पितोय."

दुपारी मिरज. तोच टीपकागद, तोच चमचा. थेंब क्षणभर उभा राहिला, मग पायथ्याशी एक काळसर कडा आली, आणि तो हळूहळू कापडात बसला, ओल्या मातीत पाय रुतावा तसा. आठ धुलाया झाल्या होत्या फक्त. व्यवस्थापक खोलीत आले, काही न बोलता गेले. ते न बोलणं जास्त लागलं.

एक गाऊन पिशवीत घालून आणला. घरच्या बादलीवर 14 सेंमी.

1 ऑक्टोबर

रात्रभर वाटत होतं क्युअरिंग कमी पडलं, प्रोसेसवाल्यांशी भांडायचं. सकाळी एक तुकडा कापून नुसत्या गरम पाण्यात, साबण न घालता, चारदा खळबळला. पहिल्या पाण्यात फेस आला. साबण टाकलाच नव्हता. चौथ्या पाण्यात थांबला. तुकडा इस्त्रीनं 150 वर तापवला, थंड केला, बादलीवर लावला.

52.

रसायन जागेवरच होतं. त्याच्यावर दुसरंच काहीतरी बसलं होतं.

3 ऑक्टोबर

रुग्णालयाच्या लाँड्रीत दिवस काढला. तिथले मामा बावीस वर्षं हेच काम करतात. पहिला तास माझ्याशी बोलले नाहीत, तक्रार घेऊन आलाय म्हणून. मी बाही वर करून ओल्या चादरी उपसायला लागलो, तेव्हा बोलायला लागले.

त्यांची पद्धत चांगली आहे. रक्ताचे कपडे आधी थंड पाण्यात, कारण गरम पाण्यानं रक्तातलं प्रथिन शिजून डाग पक्का होतो. मग 71 अंशांवर पंचवीस मिनिटं. क्लोरीन मोजून. दोन खळबळण्या. आणि शेवटच्या पाण्यात, दरवेळी, निळ्या कॅनमधून एक मग सॉफ्टनर.

"कडक होत्यात की कपडे. डॉक्टर ओरडत्यात."

सुती कपड्यांना ते बरोबरच आहे. बोअरच्या जड पाण्यात सूत कडक होतं, सॉफ्टनर त्याच्यावर मेणाचा थर चढवतो. आपल्या कापडावर तोच थर पाण्याला आत यायचा रस्ता करून देतो. एक टोक पाण्याला धरणारं, एक टोक कापडाला. साबणाचंही तेच: कापडात उरलेला साबण जन्मभर साबणच राहतो, पुढचा थेंब पडला की त्याला आत ओढतो. आठ धुलायांत थरावर थर.

मामांना हे सांगायला टीपकागद वापरला नाही. कोरडा स्वच्छ तुकडा घेतला, त्यावर बोटानं साबणाचं पाणी पुसलं, वाळवला, आणि अर्ध्यावर थेंब, उरलेल्या अर्ध्यावर थेंब. मामा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सगळं शेवटच्या पाण्यात हाय म्हणा."

आता असं ठरलंय: हे गाऊन सुती कपड्यांत मिसळायचे नाहीत, स्वतंत्र फेरी. सॉफ्टनर नाही. दोनऐवजी चार खळबळण्या, शेवटच्या खळबळणीत थोडं सौम्य आम्ल. शेवटचं पाणी सलाईनच्या रिकाम्या बाटलीत अर्धं भरायचं, झाकण लावून दहा वेळा हलवायचं आणि एका मिनिटानं बघायचं. फेस राहिला तर अजून एक पाणी. आणि वाळवताना उष्णता हवीच, दोरीवर नुसतं वाळवून भागत नाही: धुण्यात आडवे पडलेले रसायनाचे शेंडे उष्णतेनं परत उभे राहतात.

प्रोसेसवाल्यांना फोन करून भांडायचं होतं ते राहिलंच. बरं झालं.

10 ऑक्टोबर

तेच पाच गाऊन नव्या पद्धतीनं तीनदा धुऊन: 49, 51, 50, 53, 47. घरी वेगळे बारा तुकडे धुणं-ऑटोक्लेव्हच्या फेऱ्यांना लावले. दिवसाआड एक फेरी, कधी रोज.

19 ऑक्टोबर

नवी भानगड. ऑटोक्लेव्हमधून पुडकी ओली निघतात. सुती पुडकं वाफेचं पाणी पिऊन पसरवतं आणि ते उडून जातं. आपलं कापड पिणारच नाही, म्हणून घडीच्या खोबणीत थेंब साचून राहतात, आणि ओलं पुडकं निर्जंतुक धरत नाहीत. घड्या सैल केल्या, पुडक्यात दोनच गाऊन, आत एक सुती हातरुमाल, सुकवायचा वेळ वीसवरून तीस मिनिटं. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या कापडाला माणसापेक्षा जास्त लाड लागतात."

28 ऑक्टोबर

बोनस वाटप. या कामात आजपर्यंत एक रुपया आलेला नाही हे दिवाणजींनी आठवणीनं सांगितलं.

14 नोव्हेंबर

एक ड्रेप 12 सेंमीवर गळाला. बाकीचं कापड 50. खाली दिवा लावलेल्या काचेवर पसरलं तर दोन-दोनच्या जोडीनं सुईच्या टोकाएवढी उजेडाची छिद्रं, एकूण अकरा जोड्या. कुठल्या मागाची चूक म्हणून डोकं खाजवत होतो. सिस्टरनी बघताक्षणी सांगितलं: टॉवेल क्लिप. ड्रेप धरायला जो दातांचा चिमटा लावतात, त्याची दोन टोकं कापडातून आरपार जातात. सुती ड्रेपवर वर्षानुवर्षं तीच लावत होते, कुणाला काही दिसलं नाही.

बोथट टोकांच्या क्लिप मागवायला सांगितल्या. आहेत त्या छिद्रांवर उष्णतेनं चिकटणारे त्याच कापडाचे गोल ठिगळ. प्रत्येक धुलाईनंतर दिव्याच्या काचेवर बघणं हे काम आता लाँड्रीतल्या एका मावशींकडे. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

9 डिसेंबर

लाँड्रीतल्या मामांचा व्हॉट्सॲप, सकाळी 6.40. सलाईनच्या बाटलीचा फोटो, वरती दोन बोटं फेस. खाली लिहिलंय: "पाचवं पाणी देतो." नवीन साबण आलाय म्हणे, जास्त फेसाचा.

11 जानेवारी 2025

घरच्या बारा तुकड्यांच्या 50 फेऱ्या झाल्या. नवे होते तेव्हा 57 ते 61. पंचवीसला 50 ते 54. पन्नासला 43 ते 48. आघाताच्या चाचणीत मात्र अजून अर्ध्या ग्रॅमच्या आत. वरून पाणी फवारलं तर थेंब अजून गोल, पण कापड हलवल्याशिवाय घरंगळत नाहीत.

म्हणजे तिसरी पातळी 50 धुलायांपर्यंत टिकत नाही. तीसच्या आसपास 50 सेंमीची रेघ ओलांडून खाली येते. कोइमतूरला सिट्राकडे, म्हणजे तिथल्या कापड संशोधन संस्थेकडे, नवा, तीस फेऱ्यांचा आणि पन्नास फेऱ्यांचा असे नमुने पाठवले. माझ्या बादलीवर लेबल छापायचं नाही.

28 जानेवारी

अहवाल आला, बादलीपेक्षा दोन-तीन सेंमी कमीच. रुग्णालयात बैठक.

व्यवस्थापकांचं म्हणणं, टॅगवर "लेव्हल 4" लिहा, बाहेरच्या गाऊनवाले लिहितात. समजावून सांगितलं: चाचणीच्या द्रवाचा पृष्ठताण रक्तासारखा, पाण्याच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवतात, त्यामुळे पाण्याला 50 सेंमी धरणारं विणलेलं कापड रक्ताला त्याहून लवकर सोडतं, आणि विषाणू तर त्या रक्ताबरोबरच जातो. चौथ्या पातळीला मधे पडदा लागतो. तो आपल्याकडे नाही. ज्या शस्त्रक्रियेत खूप रक्त, खूप पाणी, तिथं फेकायचा किंवा लॅमिनेटचा गाऊन वापरा.

"मग तीन लिहा."

तिसाव्या धुलाईपर्यंत तीन लिहिता आलं असतं. पण अहवालात तीसला 48 आहे. आणि धुलाई मोजण्यात एकदा तरी चूक होणार. दुसरी पातळी, 50 धुलाया, असं लिहायचं ठरवलं. दरात फरक पडतोय, तो मोठा आहे. सर्जनसाहेब मधेच म्हणाले, "आमची निम्म्याहून जास्त कामं दोनवर भागतात. खोटा चार मला नको." त्यावर बैठक संपली.

6 फेब्रुवारी

पहिला लॉट: 60 गाऊन, 25 ड्रेप. गळ्याच्या आत टॅग, त्यावर 50 चौकोन. प्रत्येक धुलाईला लाँड्री मार्करनं एक चौकोन भरायचा, पन्नास भरले की गाऊन ओटीतून बाहेर. पाठीला हलकं कापड दिलंय, सर्जनसाहेबांना कळलं तर कळेल. सॉफ्टनरच्या निळ्या कॅनवर मामांनी स्वतःच्या हातानं कागद चिकटवलाय: "हिरवे कपडे फक्त." आपले गाऊन निळे आहेत.

उद्या: 4 नंबरवर आडवा कार्बन तुटतोय, सिलेक्टरची बोटं बघायची. लाल दोरा संपत आलाय. दिवाणजींना बिल.